उशाखालचा काळा चाकू

६ जुलै

लाल्या गेला. गल्लीतला कुत्रा, कोणाचाच नव्हता, सगळ्यांचा होता. संडासच्या वाटेवर नुसती रिबीन पडलेली, चिऊने गळ्यात बांधलेली ती. बाकी काही नाही. रक्त असेल ते पावसाने धुवून नेलं.

वाघच. वर जंगलाची भिंत फुटलीय तिथून उतरतो. सगळे मला शिकवतात, वाघ नाही गं, बिबट्या बोल. काय फरक पडतो. लाल्याला विचारा.

त्याच वाटेने चिऊला न्यायचं असतं. माझी साडेचार वर्षांची पोरगी. दोन्ही बाजूला घाणेरीची झुडपं माझ्या डोक्याच्या वर गेलीत. आत हत्ती बसला तरी कळणार नाही.

७ जुलै

चिऊला मोरीतच बसवलं. म्हातारी भडकली. (सासू. इथे म्हातारी. तोंडावर आई बोलते.) "त्याच मोरयेत मी देवाची भांडी घासतंय." मी बोलले, मग तुम्ही न्या तिला त्या वाटेने. देवाची भांडी उचलून आत नेली.

नवरा, सं., टेम्पो लावून आला. त्याचं संतोष हे पूर्ण नाव लिहायची आज इच्छा नाही. जेवता जेवता बोलतो, "एवढं काय घाबरते. तो माणसांना नाही खात."

मी बोलले, चिऊ लाल्याएवढीच आहे उंचीला.

मग भात कालवत बसला.

९ जुलै

घाणेरी कापून द्या सांगायला दोन ऑफिसं फिरले. एकात बोलले ती जागा जंगलात येते. दुसऱ्यात बोलले संडासची वाट आमच्याकडे नाही. मी बोलले, मग घाणेरी कोणाची? टेबलावरचा माणूस बोलला, "रानटी झाडाला मालक नसतो ताई." बाजूचा हसला.

पोळ्यांच्या कामाला उशीर झाला तो वेगळाच. टॉवरमधल्या मॅडमचं तोंड वाकडं.

१३ जुलै, रविवार

राजू आलेला. माझा भाऊ दर रविवारी कुठला ना कुठला डोंगर चढतो, आज त्यांचा ट्रेक कॅन्सल. त्याला बोलले, मला हातात धरायला काहीतरी दे रे. काठीने माझं समाधान होत नाही.

सॅकमधून चाकू काढला. मिटलेला, तळहातात मावणारा. पातं काळंकुट्ट. बाजूची गुंडी अंगठ्याने ढकलली की खट्‌ करून उघडतो, आत एक पट्टी बसते, ती सरकवल्याशिवाय मिटत नाही. त्याने नवीन घेतलाय म्हणून हा मला.

मी : ह्याने वाघ मरेल?
राजू : ताई, वाघासमोर हा म्हणजे दात कोरायची काडी.
मी : मग कशाला देतोस?
राजू : दोरी काप, फांदी काप. आणि हातात काही असलं की माणूस ओरडतो तरी मोठ्याने.

मग शाळाच घेतली माझी. काळं आहे ते रंग नाही, कोटिंग. आतलं पोलाद धारेला चांगलं, पण पाण्याला नाजूक, कोटिंग आहे म्हणून गंजत नाही. घासायचं नाही. काथ्याने नाही, तारेच्या घासणीने तर मेलो तरी नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, लगेच कोरडं करायचं. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. ओला असताना मिटायचा नाही. कोयत्यासारखा हाणायचा नाही, सांधा ढिला होतो.

मी बोलले, एवढं तर मी चिऊला नाही जपत.

म्हातारी दारात तांदूळ निवडत होती. सगळं ऐकत होती. एवढंच बोलली, "पाता काळा कित्याक?"

राजूने सांगितलं तिला कोटिंगचं. तिने मान हलवली. मला वाटलं कळलं.

१४ जुलै

गाऊनच्या खिशात चाकू, एका हातात चिऊ, एका हातात डबा. म्हणजे चाकू काढायला हात कुठला. हे राजूला पण नाही सुचलं.

डबा चिऊला दिला. चाकू उघडून धरला. काही आलं नाही. पण त्या घाणेरीकडे बघून असा राग आला. वाघाचा एवढा येत नाही, तो जनावर आहे. ह्या झुडपाला काय कारण आहे इथे वाढायचं.

एक फांदी कापली. मग अजून एक.

१७ जुलै

आता जमतंय. फांदी आपल्याकडे वाकवायची, ताण येतो त्या बाजूला पातं टेकवायचं आणि ओढायचं. जोर लागत नाही. बोटाएवढ्या जाडीचं सट्‌ करून निघतं. त्याच्यापेक्षा जाड सोडून देते, ते कोयत्याचं काम. कोयता कोणाकडेच नाही चाळीत. डोंगरावर राहतात आणि कोयता नाही. मागितला तर एक बोलला ऑनलाइन मागव.

हाताला घाणेरीचा वास. साबण लावला तरी जात नाही. मनगटावर ओरखडेच ओरखडे. मॅडमने विचारलं मांजर पाळलंय का.

चिऊ जांभळी काळी फळं गोळा करते. खाऊ नको, खाऊ नको, करत कापायचं.

१९ जुलै

पाण्याच्या लाइनीत : "काय वहिनी, ठेका घेतला काय झाडं कापायचा?" सगळे हसले. वरच्या खोलीतला, गणपतीत ढोल वाजवायला पुढे असतो तो. त्याच्या पण दोन मुली त्याच वाटेने जातात. मी बोलले, भावजी, तुम्ही एक बाजू घ्या, मी एक घेते. बोलला वेळ कुठे. आणि मोबाइल बघत उभा. माझा नंबर येईपर्यंत मोबाइलच बघत होता.

पातं चिकट झालेलं, चीक लागून. गरम पाण्यात फडकं बुडवून पुसलं, मग कोरडं, मग तेल. काळं तसंच आहे. टोकाशी एक बारीक चरा गेलाय, दगडावर लागला तेव्हा. वाईट वाटलं. कशाला वाटावं.

२१ जुलै

सं. : लोक बोलतात बायको चाकू घेऊन संडासला जाते.
मी : तू काय बोललास?
सं. : काय बोलणार.
मी : बोलायचं ना, माझी बायको जाते कारण मी जात नाही.

ताट सरकवलं. दोन दिवस बोलणार नाही आता. नको बोलू. मी वाटेच्या पहिल्या वळणापर्यंत पोचले. तिथून आता संडासचं दार दिसतं.

२३ जुलै

टॉवरच्या गेटवर निघताना आमच्या पिशव्या बघतात. आमच्याच. रोजचं आहे. आज चाकू सापडला. मी विसरलेच होते पिशवीत आहे ते. सिक्युरिटीवाल्या बाईने असा दोन बोटांत धरला जसा काय मेलेला उंदीर. वरून मॅडमला बोलावलं.

मॅडम : चाकू का लागतो तुला?
मी : आमच्याकडे वाघ येतो.
मॅडम : वाघासाठी चाकू?

आणि दोघी एकमेकींकडे बघतात. त्यांच्या किचनमध्ये लाकडाच्या ठोकळ्यात सुऱ्या खोवून ठेवल्यात, हातभर लांब एक एक. रोज त्यांनीच मी कांदा कापते, तेव्हा नाही भीती वाटत. माझ्या पिशवीतला चाकू फक्त चाकू.

बोलल्या उद्यापासून आणलास तर येऊ नको. परत दिला तेच खूप.

घरी येईपर्यंत दात आवळून दुखायला लागले. बोलायचं तेव्हा काही सुचत नाही मला, डोंगर चढताना सगळं सुचतं.

२४ जुलै

चाकू फळीवर ठेवून कामाला. चिऊ म्हातारीजवळ असते तोपर्यंत. हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवला, हळदीच्या डब्यामागे.

२५ जुलै

डोकं फिरलंय, अक्षर पण नीट येत नाही.

कामावरून आले तर चाकू मोरीच्या कठड्यावर उघडा पडलाय. चकचकीत. काळं सगळं गेलं. राख, चिंच आणि तारेची घासणी, तिन्ही बाजूलाच पडलेलं. पात्यावर चरेच चरे, कढईच्या बुडासारखे. सांध्यात राखेचा चिखल. पाण्याने भरभरून धुतलेला.

मी : हे काय केलं?
म्हातारी : साफ केलंय.
मी : राजू काय बोललेला, तुमच्यासमोर बोललेला.
म्हातारी : काळा काढलंय. आता बरा दिसता.

काजळी वाटली हिला. कढई समजली. असं किंचाळावंसं वाटलं. चिऊ बघत होती म्हणून गिळलं.

राजूला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हसायला लागला. मी फोन कट केला. सगळ्यांना हसायला येतं.

२६ जुलै

सकाळी पात्यावर केशरी ठिपके. एका रात्रीत. खाण्याच्या तेलाने पुसले, थोडे गेले, डाग राहिले. उघडताना कर्र आवाज येतो.

घाणेरी आज नाही कापली. कशाने कापू.

३० जुलै

नखाला चिंधी बांधून लिहायला बसलेय.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला चिऊला घेऊन गेले. तिला बेडूक दिसला. हात सोडून धावली पुढे, वळणाच्या पलीकडे, जिथे मी कापलेलं नाही तिथे. आणि आत काहीतरी हललं. मोठं. फांद्या मोडल्याचा आवाज. चिऊ उभी राहिली तशीच, बेडकासारखी.

चाकू काढला. अंगठ्याने ढकलला. उघडेना. परत ढकलला. अर्धा आला आणि अडकला. नख मुळापासून फाटलं. ओरडायचं होतं, राजू बोललेला ओरड, पण सगळं लक्ष त्या गुंडीत. माझी पोरगी समोर आणि मी गुंडी ढकलतेय.

डुक्कर निघालं. आमच्याकडे बघून गेलं निघून.

चिऊ बोलली, "आई, तू का नाही आलीस?"

घरी येऊन मी काय काय बोलले ते लिहिणार नाही. अख्खी गल्ली दारात. शेवटचं एवढं आठवतंय, "आज पोरगी गेली असती तर तुमच्या घासणीने गेली असती." आणि चाकू फेकला मोरीकडे. म्हातारीने पदर तोंडाला लावला, मशेरीचा डबा घेतला आणि आतल्या खोलीत गेली.

सं. मध्ये पडला. "आई आहे ती." मी बोलले, मी पण आईच आहे.

१ ऑगस्ट

म्हातारी बोलत नाही. जेवते, चिऊचं सगळं करते, माझ्याशी नाही. चिऊला सांगते, "तुझ्या आवशीक सांग, दूध संपला." मी हातभर अंतरावर बसलेय.

चाकू सापडत नाही. मोरीत नाही, फळीवर नाही. कोणी उचलला असेल, भंगारात देईल. बरं झालं.

२ ऑगस्ट

सकाळी गोधड्या झटकत होते. चिऊची उशी उचलली तर खाली चाकू. म्हातारीच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला, मिटलेला.

पोरीच्या डोक्याखाली चाकू. मला वाटलं हिला वेडच लागलं. घेऊन गेले तिच्यासमोर, आपटला. तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलली. तिचं बोलणं जसं होतं तसं लिहिते, पोरीला ती चेडू बोलते.

"पयल्या दिवसापासून ठेवतंय. राजून आणल्यान त्या रातीपासून. तू निजलंस की ठेवतंय, सकाळी काढतंय. संतोषाच्या उशाक कोयती होती दोन वर्सां. चेडवाच्या उशाक काय हा तुमच्या घरात? प्लास्टिक."

मी बोलले, मग घासला कशाला?

"रंगाखाली लोखंड काय काम करतला? उघडा लोखंड व्हया. माका काय काजळी समजत नाय? साठ वर्सां भांडी घासतंय मी."

 रागाने आले होते, राग तसाच हातात राहिला.

मग ती बोलली, "खिडकी जंगलाकडे हा. दिवसाचा तू बघ. रातीचा माझ्याकडे."

पोराच्या उशाला लोखंड ठेवलं की राखण होते म्हणे, माझा विश्वास नाही असल्यावर. वाघ काय उशी उचलून बघणार आहे? पण ती रोज रात्री उठत होती आणि मला कळलं पण नाही. मी घोरत होते.

राग गेला नाही. डुकराच्या जागी तो असता तर. 

३ ऑगस्ट, रविवार

राजू आला. चांदणीच्या आकाराचे बारीक स्क्रू आहेत, त्याचा पाना घेऊन आलेला. पेपर पसरून चाकू सगळा सुटा केला. आत राख आणि गंज, चहाच्या चोथ्यासारखं. जुन्या टूथब्रशने तेल लावून काढलं. परत जोडला. स्क्रू जास्त आवळला तर उघडत नाही, कमी आवळला तर पातं हलतं, तेवढं मला करायला लावलं. तीनदा चुकले. मग खट्‌ केलं त्याने. पहिल्यासारखं.

राजू : कोटिंग परत येणार नाही ताई. आता ह्याला रोज बघायला लागणार. रोज पुसायचं, रोज तेलाचा हात. एक दिवस विसरलीस की गंज.

म्हातारी लांबून : "आमच्या कोयत्यांका कोण कोटिंग लावी होता? रोज पुसूचा."

राजू बोलला, बघ, मावशी माझ्याच बाजूने आहेत. मी बोलले, तू गप्प बस आणि चहा पी.

९ ऑगस्ट

आता हे असं चाललंय. सकाळी उशीखालून चाकू काढायचा, वाटेवर जायचं, जमेल तेवढं कापायचं, येऊन पुसायचं, वाळवायचं, तेल. संध्याकाळी परत तेच. रात्री म्हातारीच्या हातात द्यायचा.

भांडण आता तेलावरून. तिला खोबरेल पाहिजे, मशीनच्या तेलाचा वास पोरीच्या नाकात जातो. राजू बोलला खोबरेल नंतर चिकट होतं, सांधा परत जाम होईल. मग मी सांध्यात मशीनचं टाकते, पात्याला ती खोबरेल लावते. दोघी जिंकलो नाही, दोघी हरलो नाही. चाकूला मात्र लाडूसारखा वास येतो.

तिची चिंधी रोज धुतलेली असते. तिने आणि मी एकमेकींना सॉरी बिरी काही बोललेलो नाही. बोलणार पण नाही.

१८ ऑगस्ट

आज चार माणसं मशीन घेऊन आली. कोणी पाठवलं माहीत नाही. सण जवळ आलाय, नेत्यांचे बॅनर लागतायत, असेल त्यातलंच काही. घरघर करत सगळी घाणेरी आडवी केली. मी महिनाभर जेवढं कापलं ते त्यांना चहा प्यायला लागतो तेवढ्यात.

मला खूश व्हायला पाहिजे ना? कापलेलं सगळं तसंच वाटेच्या कडेला रचून ठेवलं. ढीग. संडासच्या दारासमोरच. आधी झुडूप होतं त्यातून निदान हललं तर दिसायचं. ढिगाच्या मागे काय बसलंय काही कळत नाही.

मी : हे उचला.
माणूस : आमचं काम कापायचं. उचलायची गाडी वेगळी.
मी : कधी येणार?
माणूस : येईल ना.

मोबाइलवाल्या भावजींनी ढिगासमोर उभं राहून फोटो काढला. "अखेर आमच्या पाठपुराव्याला यश." गल्लीच्या ग्रुपवर टाकलाय. मी बघून मोबाइल उलटा ठेवला.

२२ ऑगस्ट

म्हातारी गणपतीला गावी गेली. सं. टेम्पो घेऊन सोडायला गेला, लगेच येतो बोलला.

एसटी नको, टेम्पोच बरा, हे पाच वेळा ऐकवलं. जाताना चिऊची पापी घेतली. मग टेम्पोत बसल्यावर काच खाली करून : "रातीचा विसरू नको."

ढीग तिथेच. गाडी बिडी काही आली नाही.

२४ ऑगस्ट

ढीग ओढायला घेतला. एकेक फांदी सोडवायची, काटे एकमेकांत अडकलेले, अडकेल तिथे चाकूने कापायचं. उतारावरून खाली ढकलायचं. वरच्या खोलीतल्या वहिनी आल्या मदतीला, त्या मोबाइलवाल्याच्या बायको.  हातमोजे म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या बांधून आलेल्या. निघताना एवढंच, "ह्यांना सांगू नका."

धार गेलीय. राजूने दिलेल्या दगडावर लावली, फक्त कडेला, तिरपं धरून. कागदावर बघितली. अंगठ्याच्या नखावर पण. ठीक आहे.

रात्री चाकू उशीखाली मीच ठेवला. मानते म्हणून नाही. ती आल्यावर विचारेल आणि मला खोटं बोलता येत नाही म्हणून. असं लिहिते तरी.

८ सप्टेंबर

म्हातारी आली. नारळ, तांदळाचं पीठ, कोकम, आणि पोत्यात गुंडाळलेली कोयती. गावच्या लोहाराकडून नवीन मूठ बसवून आणली. काळीच आहे की. मी बोलले ही पण काळीच आहे. बोलली, "ता भट्टीचा काळा. ता लोखंडाचाच अंग." आता ह्याच्यापुढे काय बोलायचं माणसाने.

"ह्या आता चेडवाच्या उशाक. तुझो चाकू तुका घे."

मला वाटलं सुटले. कोयती आली, जाड बुंधे आता कोयतीने तोडता येतील. सकाळी हात लावायला गेले तर केवढी ओरडली. उशाखालचं लोखंड झाडाला लावायचं नाही. एकदा लावलं की ते कामाचं झालं, राखणीचं नाही.

एवढी धार असलेली कोयती घरात आणि आम्ही ती झोपवून ठेवणार. मी पोटरीएवढ्या खुंटांसमोर बोटाएवढा चाकू घेऊन बसणार. भांडले. ती बोलली भांड. देत नाही.

२१ सप्टेंबर

घाणेरी परत फुटली. प्रत्येक खुंटाला चार चार कोंब, हिरवेगार, लुसलुशीत, जसं काय कोणी खत घातलंय. मुळं काढायला पाहिजे होती. मशीनवाल्यांना हे माहीत नाही असं होईल का?

गल्लीतल्या काळ्या कुत्रीचं एक पिल्लू दिसत नाही दोन दिवस. कोणी नेलं असेल पाळायला, असं सं. बोलला. बोलताना माझ्याकडे नाही बघितलं. सकाळी चपला घालून दारात उभा, "चल, चिऊला मी नेतो आज." एवढ्या दिवसांनी. मी बोलले चाकू घे. बोलला नको. मग दोन पावलं गेला आणि हात मागे केला. दिला मी.

आला तो बुंध्यांकडे बघून आलेला. पहार आणतो बोलला. मागच्या रविवारी पण कोणीतरी पहार आणणार होतं. बघू.

५ ऑक्टोबर

पहार नाही आली.

संध्याकाळी चिऊबरोबर गेले. तिला आता हात धरलेला आवडत नाही, "मी मोठी आहे." मी कोंब कापत कापत मागे. चाकू आता चांदीसारखा दिसतो, फक्त मुठीजवळ जिथे म्हातारीची घासणी पोचली नाही तिथे काळं राहिलंय. नखाएवढं.

वळणावर चिऊ थांबली. वरच्या बाजूला, भिंत फुटलीय तिकडे, दगड घरंगळले. मग बंद. मग परत एक दगड, अजून जवळ. कुत्री भुंकत नव्हती. खाली गल्लीत कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, सगळं चालू, आणि कुत्रं एक पण नाही.

अंगठा ठेवला. खट्‌. एका दमात उघडला.

ह्या वेळी ओरडले. काय ओरडले माहीत नाही, शिव्या असतील, ऑफिसातल्यांना घातल्या असतील, मशीनवाल्यांना, वाघाला. घसा बसलाय आता. चिऊ पण ओरडली माझं बघून. खालून म्हातारीचा आवाज आला, "काय झाला गो?" आणि खाली बघते तर ती वाट चढून येतेय, गुडघे दुखतात तरी, पदर खोचलेला, हातात कोयती.

उशीखालून काढलेली.

मी बोलले, आई, ही कामाची नाही ना?

बोलली, "गप. चेडवाक मधी घे."

चिऊला मध्ये घेऊन आम्ही उतरलो. मी पुढे, ती मागे, तोंड डोंगराकडे करून, उलट्या पावलाने. मागे काही आलं की नाही ते तिलाच माहीत. विचारलं तर बोलली, "तू पुढे बघीत होतंस ना? पुढेच बघ."

घरी येऊन दोन्ही पुसले. आधी चाकू, मग कोयती. तिने खोबरेल लावलं. कोयती परत उशीखाली ठेवायची की नाही ह्याच्यावर ती अजून विचार करतेय, पलंगावर बसून, मांडीवर घेऊन. उद्या सकाळी चिऊला परत तिकडेच न्यायचंय.